डोहाळ्यांची माती

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा सुरू झाली. सकाळी साडेसहाला चारही विजेच्या रिक्षा आमच्या फाटकासमोर ओळीनं उभ्या होत्या आणि मी गच्चीवरून त्यांच्याकडे बघत बसले, ते खाली दूध उतू गेलं. हे स्वयंपाकघरातून ओरडले, "हेडबाई, शेगडीवर तुमच्या रिक्षा नाहीत, दूध आहे." मी कधीच हेडबाई नव्हते. नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, तीस वर्षं, आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण हे आमच्या सगळ्या शेळगी भागात माझी हेडबाई म्हणून ओळख करून देतात, आणि खरं सांगायचं तर मी अडवत नाही.

रिक्षांचं हे दुसरं वर्ष, म्हणून ही वही. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या ह्याच चोवीस मुली डिझेलच्या सहा आसनीत कोंबून जायच्या. ईरप्पाची ती जुनाट गाडी सुरू झाली की आमच्या दारातल्या तुळशीच्या पानांवर काजळी बसायची, बोटानं पुसली तर बोट काळं. मी ईरप्पाच्या मागे लागले, मग बाकी तिघा रिक्षावाल्यांच्या, मग शाळेच्या, मग आरटीओच्या. फंडाचे पैसे घातले तेव्हा हे आठ दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलत होते. आता धूर शून्य. आवाजही मुलींच्या बडबडीचाच तेवढा.

मे महिन्यात चारही रिक्षांच्या बॅटऱ्या बदलल्या. एकेका रिक्षात चार, आणि एक उचलायची तर माणसाची कंबर धरते. दहा महिन्यांत दमल्या. दुकानदार मानसिंग म्हणाला, "बाई, जुन्या इकडं परत द्या, नियमच हाय." त्याचे नियम मला चांगले माहीत आहेत, सगळे त्याच्याच फायद्याचे. मी सांगितलं, सोळाच्या सोळा बॅटऱ्या ईरप्पाच्या घरी जातील. माझ्या शब्दावर पहिली गाडी त्यानं बदलली होती, भंगाराचे तेवढे पैसे तरी त्याला मिळू देत. त्याची बायको मल्लव्वा माझा हात धरून हसली, ते मला अजून आठवतंय.

आणि आमची इंदू परवा आली. म्हणजे इंद्रायणी, आमची एकुलती एक. चौथा महिना आहे. जावई वरदरावांना कंपनीनं वर्षभरासाठी बाहेर पाठवलंय, पुण्यात एकटीनं राहण्यात अर्थ नव्हता. आता बाळंतपण उरकूनच जाईल.

२४ जून, मंगळवार

इंदूच्या पोटात काही ठरत नाही. वरण-भात उलटतो, दूध उलटतं, लोहाच्या गोळीचा तर वासही नको. ठरते फक्त मल्लव्वाची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मल्लव्वा मागच्या बोळातच राहते, अक्कलकोटकडची, चुलीवर भाकऱ्या वाळवून आसपासच्या चाळीसेक घरांना देते. माझ्या गॅसवरची भाकरी इंदूनं बाजूला सारली आणि म्हणाली, "आई, हिला चुलीचा वास नाही." इतकी वर्षं मी पाठ्यपुस्तकातून चुलीच्या धुराविरुद्ध बोलले, आणि पोटची पोर हे म्हणते. मल्लव्वाला कळल्यापासून ती रोज दोन भाकऱ्या वेगळ्या आणून देते.

५ जुलै, शनिवार

आज महिला मंडळात माझं भाषण झालं. विषय, "धुराविना प्रवास". सुरुवातीला दोघी-तिघी डुलक्या घेत होत्या, पण शेवटी सगळ्या जाग्या झाल्या, त्याचं श्रेय ईरप्पाला.

झालं असं, की काल भाकरी आणायला मीच बोळात गेले. ईरप्पाच्या ओट्यावर पोत्यावर करड्या रंगाचे छोटे छोटे नळकांड्यांसारखे तुकडे मांडलेले. विचारलं तर म्हणाला, "जुन्या बॅटरीतलं शिसं हाय बाई. वितळवून जाळ्याची वजनं करतो. माझा मेव्हणा जेऊरकडं धरणाच्या पाण्यावर मासं धरतो, त्याला अन् त्याच्या संगतीच्या लोकांना लागत्यात." सून मायाक्का तुकड्यांच्या कडा सुरीनं साफ करत होती, तिची तीन वर्षांची चन्नी ते तुकडे एकावर एक रचत होती आणि पडले की टाळ्या पिटत होती. मी थक्क झाले. मुलींना पुनर्वापर शिकवताना मी बाटलीचा पेन्सिल-डबा करायला लावायचे. इथे एका न शिकलेल्या माणसानं बॅटरीचा कणही वाया घालवला नाही. मी त्याला म्हटलं, "शाबास ईरप्पा, असंच कर. काही म्हणजे काही फेकू नकोस." बॅटरीतलं ॲसिड मात्र गटारात ओतू नको, चुना टाक, हेही बजावलं. शेवटी विज्ञानाची बाई आहे मी.

भाषणात त्यातला एक तुकडा दाखवला. बायका हातोहात फिरवून बघत होत्या.

१९ जुलै, शनिवार

मुलीची मला गंमत वाटते, चिंताही वाटते. काल संध्याकाळी ती माझ्याबरोबर मल्लव्वाकडे आली. मल्लव्वा चूल सारवत होती. गरम मातीवर ओला हात फिरला, वास उठला आणि इंदू तिथेच उकिडवी बसली. म्हणाली, "मावशी, मला ह्यातली थोडी द्या ना." मल्लव्वानं चुलीच्या आतल्या कडेची भाजून तांबडी झालेली माती कोयत्यानं खरवडली आणि बोराएवढा खडा तिच्या हातावर ठेवला. इंदूनं तो चॉकलेटसारखा चघळला. तोंडावर इतकं समाधान मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी बोलणारच होते. माती खावीशी वाटते म्हणजे अंगात लोह कमी, हे मी शिकवत आले आहे. मल्लव्वानं मला डोळ्यांनीच थांबवलं. "बाई, पोटुशीचं मन मोडू नगासा. चन्नीच्या वेळी मायाक्कानं अर्धी चूल खाल्ली की, काय झालं? चन्नी बघा, कशी टुणटुणीत हाय." मग मीच इंदूला म्हटलं, आगीत भाजलेली आहे, जंतू कुठून राहणार? एवढ्याशा खड्यानं काय बिघडतंय? गोळ्या वाढवून घेऊ. डोहाळे आहेत, पुरवायलाच हवेत. माझ्या आईनं माझ्या वेळी भर मे महिन्यात कुठून तरी हिरवी चिंच पैदा केली होती.

आज सकाळी मल्लव्वा पानात गुंडाळून पाच खडे देऊन गेली.

४ ऑगस्ट, सोमवार

ह्यांच्याशी भांडण. ह्यांना पाटबंधारे खात्यात कारकुनी करून वाटतं की जगातल्या सगळ्या फायली ह्यांनी वाचल्यात. म्हणाले, "तुझी रिक्षा कोळसा खाते. वीज काय आभाळातून येते? धूर इथून उचलून तू दुसऱ्याच्या गावात टाकलास, एवढंच." मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. वीज पूर्ण कोळशाची धरली तरी आमची रिक्षा किलोमीटरला त्या जुन्या डिझेलच्या निम्म्याहून कमी धूर करते. शिवाय शाळेच्या फाटकावर मुलींच्या नाकासमोर तर काहीच नाही. कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, आकडे तपासले आणि म्हणाले, "बरोबर आहे." ह्यांनी हे शब्द म्हटल्याची तारीख लिहून ठेवते.

ईरप्पाचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबतो आहे. "वर उचलतच न्हाय, बाई. मुठीत जोर न्हाय." दिवसभर हँडल धरून नस दबली असणार. तेल गरम करून चोळ म्हटलं. बदली चालक म्हणून चार दिवस त्याचा भाऊ येईल. चन्नीही किरकिरी झाली आहे, सारखी पोटाला हात लावते. जंताचं औषध द्यायला सांगितलं मायाक्काला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

इंदूचं पोट दुखतं. कळ येते आणि जाते, चार-चार दिवस शौचाला होत नाही. मी गरोदरपणाचंच दुखणं समजत होते. आज डॉक्टरकडे नेलं. अंकिता, माझीच विद्यार्थिनी, नववीत पहिल्या बाकावर बसायची, आता बायकांची डॉक्टर. रक्त साडेसातवर आलंय. गोळ्या दुप्पट करूनही खाली. अंकितानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, बाई, मुलीला नीट खायला घालता की नाही. तिनं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं.

इंदू घरी आल्यावर मल्लव्वाचा पुडा उघडून बसली. म्हणाली, "एवढंच बरं वाटतं बघ, आई."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घरात गणपती आहे. आरती ह्यांनी एकट्यानं केली.

अंकितानं फोन करून मला एकटीला बोलावलं. तपासणाऱ्या डॉक्टरांना इंदूच्या रक्तपेशींवर निळे ठिपके दिसले होते, म्हणून तिनं आणखी एक तपासणी करायला लावली होती. कागद माझ्यापुढे सरकवला. शिसं, ३४. पाचाच्या आत हवं.

मी विचारलं, "हे कुणाचं?" मला खरंच वाटलं कागद बदलला. अंकिता म्हणाली, "इंद्रायणीचंच, बाई. दोनदा केलंय." मग तिनं विचारायला सुरुवात केली. घराला नवीन रंग दिलाय का? कुठलं भस्म, काढा घेते का? पितळेची कल्हई? आणि मग, "घरात किंवा शेजारी कुणी जुन्या बॅटऱ्यांचं काम करतं का?"

मी म्हटलं, नाही.

मी तिला नाही म्हटलं. खुर्चीत बसून, तिच्या डोळ्यांत बघून. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, माझ्या तोंडून ते असंच निघालं. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय थांबला. कठडा धरून मी उभी राहिले आणि मला पोत्यावरचे ते करडे तुकडे दिसायला लागले. शिसे, मऊ, जड, ३२७ अंशांना वितळते. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ३२७ अंश म्हणजे काय, चुलीत सहज होतात. वितळवता कुठे, हे मी त्याला विचारलं नव्हतं. इतकं सगळं विचारते मी, हे विचारलं नव्हतं.

परत वर गेले, अंकिताला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, आधी पाणी प्या." मग म्हणाली, पोटातल्या बाळापर्यंत ते जातं. मेंदू घडत असतो तेव्हाच जातं. आता आधी ते कुठून येतंय ते बंद करायचं, कॅल्शियम-लोह द्यायचं, दर महिन्याला बघायचं. "बाळाला काय होईल?" तर म्हणाली, आज सांगता येणार नाही. शाळेत जाईपर्यंत बघत राहावं लागेल.

घरी आले. फडताळातल्या सगळ्या भाकऱ्या, चटणी, मातीचे खडे पिशवीत भरले. इंदू बघत उभी होती. तिला सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "तूच म्हणाली होतीस, भाजलेली आहे, काही होत नाही."

३० ऑगस्ट, शनिवार

बोळात जाऊन आले. मल्लव्वा चुलीपुढे होती. तिच्या मागे भिंतीला लोखंडी तवी टेकवून ठेवलेली, तळाला करडा थर. विचारलं, शिसं कुठं वितळवता? तिनं चुलीकडे हात केला. "हितंच की. भाकऱ्या झाल्या की इंगळावर ठेवायचं, येगळं जळण कशाला जाळायचं?" त्याच चुलीत. वरचा मळ काढून बाजूला झटकायचा, तिथेच, चुलीच्या काठावर. तो काठ इंदूनं खाल्ला. आणि चन्नी शेजारी गोधडीवर झोपली होती, तोंडात अंगठा घालून.

मी "बरं" म्हटलं आणि निघाले. मल्लव्वानं मागून विचारलं, "ताईला खडं संपलं असतील, देऊ का?" मी म्हटलं, नको, तिला बरं नाही.

माझं डोकं चालत नव्हतं, असं लिहिणार होते. खरं तर चालत होतं. माझ्या मनात एवढंच होतं, की हे इंदूपर्यंत आता यायला नको. बाकी उद्या बघू.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. मखर सजवलं, मुखवटे बसवले, पाहुण्यांना हळदीकुंकू दिलं. अंकिता देवीला म्हणून आली आणि प्रसाद घेताना हळूच म्हणाली, "बाई, त्या घरातल्यांना सांगितलंत ना? त्यांना तर जास्त असणार."

मी पुढचीला कुंकू लावायला वळले. तिनं प्रसादाची वाटी खाली ठेवली. "दोन दिवस झाले, बाई." एवढंच बोलली, तेही आदरानं.

ईरप्पाच्या लोंबत्या हाताला मी तेल चोळायला सांगितलं. चन्नीच्या पोटाला मी जंताचं औषध सांगितलं. शुक्रवारी मला सगळं कळलं आणि मी घरी येऊन फक्त माझं फडताळ रिकामं केलं. त्या दोन रात्री ते मूल त्याच चुलीशेजारी झोपलं. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते.

तशीच उठले, हळदीकुंकवाच्या बायका बसलेल्या सोडून, आणि मागच्या दारानं बोळात गेले.

१ सप्टेंबर, सोमवार

काल काय झालं ते लिहायला हवं.

मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. शिसं काय करतं, कसं करतं. ईरप्पाचा हात, चन्नीचं पोट, इंदू. फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलत होते, थांबता येईना. मल्लव्वा ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे ताईच्या पोटातल्या लेकराला मी इख दिलं?"

मी म्हटलं, तू नाही, मल्लव्वा. बॅटऱ्या मी दिल्या.

ती म्हणाली, "बॅटऱ्या तुमी दिल्या. पर माती मी दिली न्हवं? पानात गुंडाळून." मायाक्का आतून आली आणि चन्नीला उचलून पार बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, जणू घर पेटलंय. ईरप्पा खाटेवर बसून आपल्या पंजाकडे बघत होता. तो म्हणाला, "बाई, तुमी शाबास म्हणाला व्हता." त्यात राग नव्हता. तो खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होता.

९ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांचे कागद आले. ईरप्पा ८२. मल्लव्वा ४९. मायाक्का ४४. चन्नी ५८. आम्ही दोघं नवरा-बायको, अकरा आणि चौदा, भाकरीतून.

अंकिता म्हणाली, चन्नीला आणि ईरप्पाला आजच पुण्याला हलवा, रक्तातून शिसं ओढून काढणारं औषध तिथे मिळेल. हे स्वतः बरोबर गेले. आयुष्यात कुणाच्या भानगडीत न पडलेला माणूस, चन्नीला मांडीवर घेऊन गाडीत बसला आणि मला खिडकीतून म्हणाला, "इंदूला सांभाळ."

अट्ठावन्न. मी दिवसभर हा आकडा पुसायला बघते आहे. तीन वर्षांची पोर, तुकडे रचून टाळ्या पिटणारी, आणि मी समोर उभी राहून कौतुक करत होते.

१४ सप्टेंबर, रविवार

मानसिंगच्या दुकानात गेले. त्याला चार शब्द सुनवायचे, अशा तयारीनं गेले होते, की विकताना सांगितलं का नाहीस. तो उठून उभा राहिला, स्टूल पुढे केलं. म्हणाला, "बाई, म्हणून तर परत मागत होतो. आमच्याकडनं कारखान्याला जात्यात, तिथं बंद भट्टी असती. तुमी ऐकलंच न्हाय." ज्याला मी लबाड समजत होते त्याचंच खरं निघालं. ऊन लागल्यासारखी घरी आले.

चारही रिक्षावाले ओसरीवर जमले होते, ईरप्पाच्या जागी त्याचा भाऊ. एक जण म्हणाला, डिझेलच परत आणू, त्यात निदान धूर दिसतो तरी. मी म्हटलं, डिझेलच्या गाडीतही शिशाचीच बॅटरी असते. एक असते, चार वर्षं टिकते, म्हणून कुणाला दिसत नाही. माझ्या रिक्षात चार आणि दर वर्षाला. विचारायचं होतं ते हे, की काढलेली बॅटरी जाते कुठे. मी धुराचं पै न पै गणित मांडलं आणि जी वस्तू हातानं उचलून दुसऱ्याच्या घरी पाठवली तिचा हिशेबच धरला नाही. ठरलं असं, की जुनी बॅटरी दुकानात टाकल्याशिवाय नवी बसणार नाही, आणि जमेल तशा शिशाविना चालणाऱ्या बॅटऱ्या घ्यायच्या. रिक्षा विजेच्याच राहतील. हे बोलताना माझा आवाज पूर्वीसारखा ठाम नव्हता. ते चौघांनाही ऐकू आलं असणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

महिला मंडळात जाऊन मागचं सगळं भाषण परत घेतलं. तो तुकडा ज्यांच्या हातात फिरला होता त्या सगळ्यांना उभी राहून सांगितलं. मला वाटलं हे मी मोठं धाडस केलं.

बाहेर आले तर शेजारच्या गोजाबाई म्हणाल्या, "आम्हाला कळलं होतं. मल्लव्वा येऊन गेली." मल्लव्वा गेल्या आठवड्यात चाळीसच्या चाळीस घरी गेली. दारात उभं राहून सांगत होती, माझी भाकरी शिल्लक असंल तर टाकून द्या, पोरांना दवाखान्यात न्या. मला तिनं विचारलं नाही, सांगितलंही नाही. चूल पाडून माती पोत्यात भरून ठेवली आहे, कुठं टाकायची ते विचारायला अंकिताकडे गेली होती. आता तिच्याकडून कोण भाकरी घेणार? कुणीच नाही. आणि हे तिला दारोदार सांगायला जाण्याआधीच माहीत होतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. इंदूचं २१ वर आलंय. उतरतंय, पण अंकिता म्हणते, हाडांत साठलेलं सावकाश बाहेर पडतं, बाळ हाडं तयार करताना आईचीच हाडं वापरतं. मी रात्रंदिवस दूध, नाचणी, राजगिरा मांडते पुढे. इंदू निमूट खाते. माझ्याशी बोलते, हसतेही, पण मी ताटात काही वाढलं की आधी क्षणभर त्याकडे बघते.

चन्नी पुण्याला दुसऱ्यांदा जाऊन आली. १९. आकडा ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. मग बोळात गेले. चन्नी ओट्यावर होती. पूर्वी मला बघितलं की "बाई, बाई, काय आणलं?" करून पाठीस लागायची. आज तिनं पिशवीकडे बोट दाखवलं. मायाक्का म्हणाली, "आता मागती ते असंच, बोटानं." डॉक्टर म्हणाले आहेत, परत बोलेल, वेळ लागेल. किती, ते म्हणाले नाहीत.

ईरप्पाचा पंजा थोडा वर येतो. भाऊच रिक्षा चालवतो. मल्लव्वा दोन घरी धुणी-भांडी करते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगी झाली. सव्वादोन किलो. रडली, मोठ्यानं रडली. मी बाहेर बाकावर बसून मोजत होते किती वेळ रडते, जणू त्यावरून काही कळणार होतं. नाळेतल्या रक्तात शिसं सोळा.

अंकिता म्हणाली, सोळा म्हणजे भीतीपेक्षा बरं. बाकी वाट बघायची, बाई. मी तिला किती गोष्टींची वाट बघायला शिकवलं होतं, रंग बदलण्याची, स्फटिक बनण्याची. ही वाट पाच-सहा वर्षांची आहे. इंदूनं बाळाची बोटं एकेक उघडून बघितली. मग तिनं माझा हात ओढून बाळाच्या मुठीत माझं बोट दिलं. मी हॉस्पिटलच्या भिंतीकडे तोंड करून रडले.

६ डिसेंबर, शनिवार

बारसं झालं. नाव श्रावणी ठेवलं. घर माणसांनी भरलं होतं, वरदराव आठ दिवसांच्या रजेवर आलेत. जेवणं उरकली, पाहुणे गेले, इंदू आत पडली. मी ओसरीवर बाळ मांडीवर घेऊन बसले होते.

मल्लव्वा आली. सकाळी बोलावलं होतं तेव्हा आली नाही, गर्दी सरल्यावर आली. ठेवणीतलं हिरवं इरकल नेसली होती. बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखं धुतली, पुन्हा धुतली. पदराला पुसायचे नाहीत म्हणून ओले हात पुढे धरून वाळेपर्यंत उभी राहिली. मी हे सगळं बघत होते. मग पायरीवर येऊन म्हणाली, "घेऊ का, बाई? जरा येळ?"

तिची तपासणी मागच्याच आठवड्यात झाली आहे. अठरा. चूल पाडली, घर धुऊन काढलं, कपडे बदलले. तिच्या हाताला काही नाही, हे मला माहीत आहे. मला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त माहीत आहे.

मी म्हटलं, "आत्ताच झोपलीय गं."

बाळ टक्क जागं होतं. डोळे उघडे, मूठ हलत होती, मल्लव्वापासून दोन हातांवर.

मल्लव्वानं बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "व्हय, झोपू दे की," म्हणाली, अगदी हळू, झोपलेल्या मुलापाशी बोलतात तसं. शिवून आणलेली गोधडी पायरीवर ठेवली आणि बोळाकडे वळली.

उठून तिच्यामागं जायला पाहिजे होतं. आता दुपारचे चार वाजलेत, मी अजून इथेच बसले आहे.